कुरवळीचा दिवा

द्वारकाबाई मयेकरांनी कोल्हापूरच्या केंद्रात खुर्चीवर बसून हातमोजे चढवले आणि दीडशे किलोमीटरवर, समुद्राकाठच्या कुरवळी गावात एका यंत्राने बोटं हलवली. या यंत्राला सगळे दूरदेह म्हणत. त्याचे डोळे ते आपले डोळे, त्याचे हात ते आपले हात. अणुवीज प्रकल्पाच्या अपघाताला बावीस वर्षं झाली होती. जमिनीत मुरलेलं सीझियम निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात, म्हणून माणसाला तिथे बंदी होती. यंत्राला नव्हती.

"आज कुणाच्या घरचा दिवा, मावशी?" केंद्र सांभाळणाऱ्या सदाशिव चौगुल्यांनी विचारलं.

"पाटकरांचा."

"पाटकरबी गेले?"

"मागच्या वर्षी, ठाण्यात. आता गावची वीसही घरं माझीच. गावात होते तेव्हा एवढी श्रीमंत नव्हते हो मी!"

कुरवळीत देवीचा दिवा रोज एका घराने लावायचा. ते घर चुकलं तर शेजाऱ्याने, पण त्याच घराच्या नावाने. सुरुवातीला केंद्रात रांग असे. बायका दूरदेहाच्या हातांनी आपापलं अंगण झाडून घेत, वेळेवरून कचाकचा भांडतसुद्धा. मग एकेक खुर्ची रिकामी होत गेली.

या खेपेआधी द्वारकाबाई न्यूमोनियाने नऊ दिवस इस्पितळात होत्या. दिवा विझला असणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या. दूरदेह करवंदीच्या जाळ्या बाजूला सारत देवळात शिरला.

दिवा जळत होता.

त्यांनी यंत्राला वाकवलं. दूरदेहाला वात वळता येत नसे. तो पाकिटातल्या तयार वाती लावी. ही वात धोतराच्या चिंधीची होती, मांडीवर वळलेली, टोकाशी पीळ सुटलेला.

"माणूस हाय तिथं," चौगुले पडद्याकडे बघत पुटपुटले. "मावशी, कळवाय पाहिजे. पोलीस उचलून आणतील त्याला."

"आणि नाही कळवलं तर?"

"तिथलं पाणी पिऊन, तिथलं रान खाऊन किती दिवस जगंल?"

द्वारकाबाईंनाही अपघाताच्या वेळी असंच उचलून आणलं होतं, चुलीवरचा भात अर्धा शिजलेला असताना. नऊ दिवस त्या इस्पितळात होत्या, तर खोलीच्या शेजारणीलाही पत्ता नव्हता. इथे मात्र कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, की आज दिवा लावायला कुणी आलं नाही. अख्ख्या जगात तेवढ्या एकाच माणसाच्या. कळवलं की तोही गावातून जाणार.

"कळवा," त्या म्हणाल्या. "पण त्यांची गाडी पोचेपर्यंत मला इथून उठवू नका."

त्यांनी दूरदेहाचा आवाज सुरू केला. खांबाआड काहीतरी हललं आणि थांबलं.

"भिया नको रे," कित्येक वर्षांत तोंडात न आलेल्या गावच्या बोलीत त्या म्हणाल्या. "मी मयेकरांची द्वारका. तू खंयच्या घरचो? जेवलंस काय?"