धुराडं बुजवल्यावर

आमच्या घरात वारा विचारून येत नाही. दाराखालून येतो, खिडकीच्या फटीतून येतो, आणि सगळ्यात जास्त तळघराच्या जिन्यातून वर येतो. खाणीतल्या माणसांसाठी कंपनीनं एका ओळीत ठोकलेली ही लाकडी घरं. मागे कोळशाच्या कचऱ्याचा काळा डोंगर, पुढे रस्ता, मधे आम्ही. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मी फटींत चिंध्या कोंबतेय, पण फटी काही संपत नाहीत. तळघरातलं वारं जिना चढून स्वयंपाकघरात यायचं, टेबलाच्या कडेनं सासऱ्यांच्या जुन्या खुर्चीला वळसा घालून सरळ कोळशाच्या शेगडीकडे जायचं. दुपार कलली की जास्तच. मी पायावर शाल ओढून त्याला वाट द्यायचे.

यंदा मात्र कोळसा की पेलेट, हे ठरवणं भाग पडलं. माझा नवरा एमिल पानगळ सुरू होताना इस्पितळात गेला. उमेदीची वर्षं खाणीत घालवलेली, कोळसा छातीत जाऊन बसलेला. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्यायचा असेल तर घरात धूर नको, राख नको, आणि गारठाही नको. नाहीतर खालच्या गावात म्हाताऱ्यांना ठेवतात तिथं ठेवा. एमिलला तिथं मरायचं नव्हतं आणि मला तो घरी हवा होता. एवढीच गोष्ट होती.

तसा माझा जीव कोळशावर. आमच्याकडचा टणक कोळसा पेटायला वेळ घेतो, पण एकदा पेटला की मुकाट जळत राहतो. झोपताना राखेखाली झाकला की सकाळी निखारा हजर. वीज गेल्याचं त्याच्या गावीही नसतं. पण राखेच्या बादल्या उचलून माझी मनगटं कामातून गेली आहेत, आणि कितीही पुसलं तरी खिडकीच्या कडेवर काळी पूड असतेच. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक गोळ्या. पिशवी फोडून वरच्या पेटीत ओतायच्या, हवा तेवढा आकडा लावायचा, की शेगडी आपली आपण गोळ्या खात बसते. राख चमचाभर. पण तिचा पंखा चालतो विजेवर, आणि आमच्याकडे फांद्यांवर बर्फ चढलं की आधी वीज जाते.

एमिलला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "ते घोड्याचं खाणं माझ्या घरात जाळू नकोस." स्वतःच्याच विनोदाला हसायला गेला आणि असा खोकला की नर्सनं फोन काढून घेतला. तो खोकला ऐकला आणि माझं ठरलं.

शेगडी बसवायला किस्लर आला. चौकोनी दाढीचा, तोंडात मूग धरून बसणारा माणूस. आधी सगळं घर बघून आला आणि तळघरातला पत्र्याचा टब कशाला ठेवलाय म्हणून विचारलं. मी सांगितलं. पूर्वी पाळी सुटली की माणसं अंगणातून थेट तळघरात उतरायची, टबात अंग धुवायची, मगच वर यायची. काळ्या पायांनी माझ्या स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही, असा सासूबाईंचा कायदा होता. माझे सासरे ओंद्रे एका सकाळी खाणीत गेले. जुन्या बोगद्यातलं पाणी फुटलं आणि कंपनीनं त्यांच्यासकट खाण बुजवून टाकली. एमिल तेव्हा शाळेत होता. सासूबाई मात्र मरेपर्यंत रोज दुपारी शेगडीवरची किटली नेऊन त्या टबात ओतत, साबण ठेवत राहिल्या. त्यांच्यामागे एमिल. अवाक्षर न बोलता. प्रत्येक घराचं एक खूळ असतं, मी त्यात पडले नाही. एमिल इस्पितळात गेल्यावर कोण ओतणार? टब कोरडाच होता.

एमिल स्वतः दुसऱ्या खाणीत कामाला होता तेव्हाची मजा तर वेगळीच. हात कधी नीट धुवायचा नाही. वर येऊन मागून हळूच माझ्या एप्रनची गाठ सोडायचा आणि बंदांवर काळी बोटं उमटायची. सासूबाई ओरडायच्या, "रानटी मेला! जा खाली." मी लटकं रागवायचे, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी शेगडीकडे तोंड करून त्याच जागी उभी राहायचे.

"बाई, तुमचा हा वारा शेगडीच ओढते," किस्लर म्हणाला. "आगीला हवा लागते. ती घरातली घेते, धुराड्यातून बाहेर सोडते. नवीन शेगडी आपली हवा नळीतून बाहेरूनच घेईल. जुनं धुराडं बुजवलं की वारा बंद."

मला पटलं. त्यानं कोळशाची शेगडी मागच्या पडवीत नेऊन ठेवली, धुराड्याच्या भोकावर पत्र्याचं झाकण स्क्रूनं आवळलं आणि नवी शेगडी सुरू केली. मग मला दाखवायला म्हणून काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर एकेका खिडकीपाशी धरला. धूर सरळ वर. मीही खूश. तळघराच्या दारापाशी मात्र धूर आडवा पडला आणि स्वयंपाकघराकडे वळला. किस्लर काडीमागून काडी विझवत त्याच्या मागे मागे गेला. टेबलाच्या कडेनं सासऱ्यांच्या खुर्चीपर्यंत. तिथं धूर थांबला. वर नाही, पुढे नाही. किस्लर गुडघ्यांवर बसला, खुर्चीमागची भिंत चाचपली, फळ्या चाचपल्या.

"आत येतंय ना, मग बाहेर जायला हवं," तो स्वतःशीच म्हणाला. मग घाईनं हत्यारं गोळा करून गेला. त्याला घरी न्यायला बांधून दिलेला अक्रोड भरलेला गोड पाव टेबलावरच राहिला.

घर गरम झालं, यात वाद नाही. मी कधी नव्हे ती शाल काढून बसले. फक्त त्या खुर्चीवर हात ठेवला की हाडापर्यंत गार. दुपारी स्वयंपाकघरात ओल्या दगडाचा वास यायचा. तळघराच्या दाराला मी जाड चादर लावली, तर ती आत फुगायची आणि तशीच राहायची. जुनं घर आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि जिना, तळघर, सगळं साबणानं घासून काढलं. कोळशाचा कण शिल्लक ठेवला नाही. एमिल येणार होता.

तो आला. स्वयंपाकघरात शिरला आणि खुर्चीपासून जरा अंतरावर थबकला, कुणी बसलेलं असलं की आपण थबकतो तसा. मग भिंतीवरच्या झाकणाकडे बघितलं.

"धुराडं बुजवलंस?"

"तुझ्यासाठीच."

"आणि पाणी?"

मी म्हटलं, तू इथं नव्हतास, मी कशाला कोरड्या तळघरात पाणी ओतत बसू. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला, कोबीत परतलेल्या शेवया, आमच्या हालुश्की, खाल्ल्या आणि मिरी कमी आहे म्हणाला. खोटं कशाला बोलू, ते दिवस फार सुखाचे गेले. त्याचा खोकला उतरला, तोंडावर रंग आला. भुशाच्या गोळ्यांना मी मनातून दुवा दिला.

फक्त दुपारी तो आपला कप हळूच बाजूला सरकवायचा, समोरच्याला जागा करून द्यावी तसा. शेवटी मी विचारलंच. त्यानं कप आणखी थोडा सरकवला.

"आई म्हणायची, त्यांना पाणी दे आणि वाट दे. बसायला सांगू नकोस."

मला राग आला. सत्तरी उलटली तुझी, म्हटलं, आता तरी आईचं खूळ सोड. आणि भांडी घासायला उठले.

मग बर्फाचा पाऊस झाला. सकाळपासून फांद्या मोडल्याचे आवाज येत होते, दुपारी दिवे गेले. पेलेटच्या शेगडीचा पंखा घरघरत थांबला आणि आग काचेमागे विझून गेली. हातात पिशवीभर गोळ्या असून काय उपयोग. पडवीतली लोखंडी शेगडी तर मला हलवताही येईना. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तर चढावर झाडं आडवी झालीत, रस्ता मोकळा झाला की येतो म्हणाले. एमिलला मी असतील नसतील तेवढ्या गोधड्यांत गुंडाळलं. त्याचा खोकला परत आला होता, श्वास आखूड झाला होता.

तळघराच्या दारावरची चादर टम्म फुगली होती.

"झाकण काढ, वेरोना," तो म्हणाला.

"थंडी आत येईल."

"यायची ती आली. त्यांना जाऊ दे."

मरणाच्या दारातल्या माणसाशी वाद काय घालायचा. स्क्रू काढायचं हत्यार तळघरात होतं. टॉर्च घेऊन मी दार उघडलं.

मी घासून काढलेल्या जिन्यावर काळे पाय उमटले होते. अनवाणी. प्रत्येक पायरीवर, बोटं वरच्या बाजूला. उतरणारं पाऊल एकही नव्हतं.

टब कोरडा होता. त्यातली साबणाची वडी तडकली होती.

मी पायरीच्या कडेकडेनं वर आले. एमिलला काही सांगितलं नाही. तो खुर्चीकडे बघत होता, भीती नव्हती त्याच्या डोळ्यांत. कसंबसं झाकण निघालं आणि जमिनीवर पडलं.

चादर एकदम सपाट झाली.

खुर्ची करकरली, उठताना करकरते तशी.

वारं टेबलाला वळसा घालून माझ्या अंगावरून गेलं. एमिलच्या गोधडीची कड हलली.

"थांबा," तो म्हणाला. मला नाही. मला तो तू म्हणायचा.

धुराड्यात हुंकारासारखा आवाज झाला. मग घर शांत झालं. एमिलचा खोकला थांबला होता. मला वाटलं, आराम पडला. हात हातात घेतला तेव्हा कळलं.

सगळं आटोपल्यावर मी किस्लरला बोलावलं आणि कोळशाची शेगडी परत जागेवर बसवून घेतली. लोक उलटं करतात बाई, तो म्हणाला. मी म्हटलं, वीज गेली की तुझं यंत्र मरतं. तळघरातल्या टबातून वाफ येत होती, ती बघून त्यानं टोपी काढली. जाताना धुराड्याच्या नळीवरच्या झडपेकडे बोट दाखवून तेवढं बजावलं, की ती कधी पुरती लावून घेऊ नका. या कोळशाच्या वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

कुणी विचारलं तर मी अजून खरं तेच सांगते, पेलेट स्वच्छ, मनगटांना बरं. मी मात्र पुन्हा बादल्या उचलतेय. रोज दुपारी टबात गरम पाणी ओतते, साबण ठेवते, वर येऊन शेगडीकडे तोंड करून उभी राहते. वारं येतं, खुर्चीला वळसा घालतं, निघून जातं. जरा वेळानं दुसरं येतं. ते रेंगाळतं. माझ्या एप्रनची गाठ सुटते. पहिल्या दिवशी मी हसले आणि मग खाली बसून रडले. बंदांवरचे काळे डाग मी धूत नाही. हात धुवायचा कंटाळा तसाच आहे त्याचा.

पण तोही थांबत नाही. गाठ सोडतो आणि धुराड्याकडे निघतो.

बसायला सांगू नकोस, असं सासूबाई म्हणायच्या. मी कुठं सांगते? मी फक्त एमिलची खुर्ची जरा ओढून ठेवते, आणि दुपारी झडप थोडी लावून घेते. काल आणखी थोडी लावली, तर तो बराच वेळ होता. हल्ली संध्याकाळी डोकं जड होतं खरं. वास मात्र कसलाच येत नाही.