डावीकडचे नऊ मिलिमीटर

पुतणीची स्पोर्ट्स कार सुकापूरच्या सोसायटीत सकाळी दहाला यायची होती. कृष्णकांत साडेनवापासूनच पार्किंगमध्ये उभे होते. हातात स्टीलचा टेप, लेव्हल, खडू आणि वही. गाडीची पुस्तिका त्यांनी आठवडाभरात दोनदा वाचून काढली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून कुणी त्यांना काही मोजायला सांगितलं नव्हतं.

कारखान्यात त्यांनी तीस वर्षं दाबमापकं तपासली होती. तिथं त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती: आकडा विचित्र आला, की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. पुढे ती शिस्त घरी-दारी, लग्नकार्यात, सगळीकडेच लागली.

लाल, बुटकी गाडी गुरगुरत आत आली. रेवा उतरली.

"काका, उद्या ट्रॅकवर माझी पहिली शर्यत. तीन वर्षांनी नंबर लागलाय. पण गाडी जुनी घेतलेली. वळणावर सस्पेन्शननं दगा दिला तर गाडी सरळ भिंतीवर. तुम्ही ठीक म्हणालात तरच जाणार, असं आईला सांगून आलेय."

"अगं, मी काय गाड्यांमधला..."

"तुम्ही मोजा हो!"

वॉचमन कमळाकर गेटातून ओरडला, "काय काका, टेप घेऊन गाडीला झबलं शिवताय का काय?"

कृष्णकांत ओशाळून हसले, पण थांबले नाहीत.

हे सस्पेन्शन बटणावर चालणारं होतं. एक बटण दाबलं की मऊ, दुसरं दाबलं की कडक. काका शेजारी बसले आणि दोघांनी सोसायटीच्या गतिरोधकावरून तीन फेऱ्या मारल्या. मऊवर गाडी अलगद उचलली गेली आणि एका झोक्यात शांत झाली. कडकवर असा दणका बसला, की कृष्णकांतांचा चष्मा नाकावर आला आणि ते चक्क मोठ्यानं हसले. मग एकेका कोपऱ्यावर हातानं दाब देऊन पाहिला. चारही कोपरे मऊवर मऊ, कडकवर कडक. आवाज नाही, तेलाचा ओघळ नाही.

शेवटी उंची. रिकामी गाडी, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर पत्र्याच्या कडेपर्यंत.

उजवीकडची दोन्ही मापं पुस्तिकेबरहुकूम आली. डावीकडची दोन्ही नऊ मिलिमीटर कमी.

कृष्णकांतांनी आकडे खोडले. आपलीच चूक. पुन्हा मोजलं, नऊ. फरशीवर लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध. रेवाला गाडी उलट्या तोंडानं लावायला सांगितली. तरीही डावीकडेच नऊ.

"स्प्रिंग थकली असेल?" रेवाचा चेहरा उतरला.

"बघू. थकलेली स्प्रिंग वजन टाकल्यावर जास्तच दबते. तू आधी तुझ्या जागेवर बस."

ती स्टिअरिंगमागे बसली. उजवी बाजू नऊ मिलिमीटर खाली आली. गाडी आता काटेकोर समतोल उभी होती.

"तुझं वजन किती गं?"

"बावन्न. का?"

कृष्णकांतांनी उत्साहानं वहीत बावन्न लिहिलं. म्हणजे स्प्रिंग थकलेली नाही! डावीकडे बावन्न किलोचं काहीतरी आहे. त्यांनी सीटखाली, मागच्या डिकीत, पायपुसण्यांखाली शोधलं. काहीच नव्हतं.

"आता डावीकडे बस. अठरा आले पाहिजेत."

रेवा उतरली, मागून वळसा घालून आली. कृष्णकांत डाव्या चाकापाशी उकिडवे बसून टेपवर नजर लावून होते. रेवानं डावं दार उघडलं.

ती अजून बसली नव्हती. टेपवर पत्र्याची कड हळूच वर सरकली. नऊ मिलिमीटर.

मग ती बसली आणि कड खाली आली. नऊ.

"काका, ही सीट गरम का आहे? हीटर आहे का हिला?"

"पुस्तिकेत तरी नाही," ते म्हणाले.

ते उठले. गुडघे वाजले. उजवीकडे जाऊन त्यांनी टेप लावला.

नऊ खाली.

त्यांनी आकडा खोडला नाही.

स्टिअरिंगमागची जागा रिकामी दिसत होती.

उद्या वळणावर ही पोर, आणि तिच्याबरोबर ते बावन्न किलो.

एसटीत आपल्या आरक्षित जागेवर बसलेल्यालाही कृष्णकांतांनी कधी उठवलं नव्हतं. त्यांनी चालकाचं दार पूर्ण उघडलं आणि अदबीनं बाजूला झाले.

"उतरा," ते पुटपुटले. "तिला उद्या एकटीला चालवायचीय."

काही झालं नाही.

मग टेपवर कड चढू लागली. एक. तीन. सहा. नऊ.

त्यांना आनंदानं ओरडावंसं वाटलं. त्यांनी रेवाला खाली उतरवलं, चारही चाकं मोजली. सगळे आकडे पुस्तिकेबरहुकूम! वहीत मोठ्या अक्षरात 'ठीक' लिहिलं.

"जा तू उद्या. सस्पेन्शन उत्तम आहे."

रेवानं त्यांना मिठीच मारली. "बघा! उगाच घाबरत होतो. आधी काय चुकत होतं?"

सांगावं का? पण सांगायचं काय? "माझंच काहीतरी," ते म्हणाले.

पनवेल गावातल्या रेवाच्या गल्लीत एवढी बुटकी गाडी घासली असती, म्हणून गाडी रात्रभर काकांकडेच राहणार होती. कमळाकरनं हात करून रिक्षा थांबवली.

"बसा ताई. उद्या पयला नंबर आनायचा हाय!"

"पहाटे येते हं, काका."

कृष्णकांत समाधानानं बघत राहिले. रेवा चढली तशी रिक्षा डावीकडे दबली. ती मोबाइल काढून मधोमध बसली आणि रिक्षा सावरली.

मग रिक्षा पुन्हा एकदा डावीकडे दबली, आणि रेवा मोबाइलवरची नजर न काढता आणखी आत सरकली.