तांबडकोटचा किताबखाना

तांबडकोटच्या पूर्व बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तेव्हा एकवीस दिवस धडाडणाऱ्या तोफा थंडावल्या होत्या आणि खंदकातला बारुदाचा धूर प्रेतांवरून हलायला तयार नव्हता. किल्लेदार शरण आला होता. महादरवाजातून मराठी फौज आत शिरत असता किताबखान्याचा वृद्ध दारोगा मीर सादुल्ला चाव्यांचा जुडगा घेऊन सरदार रुद्राजी खळदकरांपुढे उभा राहिला.

"हुजूर, तह झाला तो माणसांच्या जिवांचा. आत चार पिढ्यांनी जमवलेले ग्रंथ आहेत. वैद्यकाचे, ज्योतिषाचे, आमच्या पीरांचे, तुमच्या संतांचेही. त्यांना अभय कोण देणार?"

"आम्ही देतो," रुद्राजी म्हणाले आणि चाव्या शेल्यात बांधून स्वतः त्या दारात उभे राहिले.

प्रहरभरात लुटीचा कल्लोळ तिथवर पोहोचला. पन्नास स्वारांच्या पुढे, हाती पेटता पलिता घेतलेले मानकोजी होते. रुद्राजींच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे यजमान.

"बाजूला व्हा, राव! या किताबांच्या बांधणीवरची जर अस्सल सोन्याची आहे. सारे इथेच पेटवू आणि राखेतून सोने वेचू."

"दाजी, आम्ही शब्द दिला आहे."

"गनिमाला? या तटाखाली माझी चाळीस माणसे पडली!"

"हत्यार टाकले, तेव्हाच तो गनीम राहिला नाही. किल्ला आपण घेतला. आतल्या पानापानाचा भार आता आपल्यावर आहे."

मानकोजी हसले. बहिणीच्या कुंकवावर भावाचा हात उठणार नाही, या भरवशावर त्यांनी उंबरठा ओलांडला. रुद्राजींची तलवार फिरली. वार पलित्याच्या हातावर योजला होता की मानेवर, हे त्यांना पुढे जन्मभर सांगता आले नाही. मानकोजी कोसळले. रुद्राजींनी पलिता पायाखाली विझवला. स्वार निमूट मागे सरले.

ग्रंथ उंटांवर लादून, मीरसह, दूरच्या दर्ग्यात पोहोचते झाले. मग रुद्राजी बहिणीकडे गेले. पांढऱ्या कपाळाची सगुणाबाई दारात आली. तिने आक्रोश केला नाही.

"दादा, काय लिहिले होते त्या किताबांत?"

रुद्राजींची मान खाली गेली. "ठाऊक नाही, सगुणा. ती लिपी आम्हांला येत नाही."

तिने दार लावून घेतले.

त्यानंतर झोपेत रुद्राजींना पाने फडफडल्याचा आवाज येई आणि ते दचकून उठत. वर्षभराने मीरचा निरोप आला, 'ग्रंथ सुखरूप आहेत. यावे, वाचून दाखवतो.' ते गेले. तीन दिवस मीर वाचून अर्थ सांगत होता, ते ऐकत होते.

परतताना त्यांनी घोडा सगुणाबाईच्या गावाकडे वळवला. दार बंदच होते. रुद्राजी पायरीवर बसले आणि ऐकलेले एकेक सांगू लागले. तापावरचा काढा, ग्रहणाचे गणित, कुणा फकिराची आळवणी. आतून हुंकारही आला नाही. ऊन कलले, तरी ते सांगतच राहिले.