बरणीतलं लिंबू

बरणीत लिंबू आहे. हात आत घालायचा नाही, बरणी उलटी करायची नाही, फोडायची तर नाहीच नाही. मग लिंबू बाहेर कसं काढाल? सांगा बघू! मला काही आलं नाही, आणि मी स्वतःला फार शहाणी समजते.

कोडं घातलं माझ्या आबांनी. ते सर्जन होते. आता बगळोबाला शिकवतात. बगळोबा म्हणजे साताऱ्यातला शस्त्रक्रिया करणारा यंत्रमानव.

माझी आई दोरीचा मल्लखांब शिकवते. तीन महिन्यांपूर्वी दोरीवर असतानाच तिचं डोकं ठणकलं, छाती धडधडली, रक्तदाब एकदम चढला आणि ती खाली गादीवर कोसळली. तपासणीत कळलं, तिच्या अधिवृक्क ग्रंथीत (मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली छोटी ग्रंथी) लिंबाएवढी गाठ आहे. ती काढायला बगळोबा बेंबीजवळ एकच छेद देणार होता, जेमतेम एक इंचाचा.

"एवढ्याशा भोकातून? आईच्या जिवाशी खेळ चाललाय का?" मी चिडलेच.

आबांनी बरणी आणि विणायच्या दोन सुया माझ्यापुढे ठेवल्या. एकाच तोंडातून घातलेल्या सुया एकमेकींवर खटखट आपटायला लागल्या. शेवटी वैतागून मी लिंबू करकचून दाबलं. ते फाटलं आणि रस गळला.

"हा रस म्हणजेच आईचं दुखणं," आबा म्हणाले. "गाठ दाबली की तिच्यातलं संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) रक्तात घुसतं आणि रक्तदाब चढतो."

"अगं बाई! मग?" मी रडकुंडीला आले.

"माझे हात आत गेल्यावर कोपरात वाकतात, म्हणून आपटत नाहीत," शेजारी उभा असलेला बगळोबा म्हणाला. "सोबत दुर्बीण असते. आधी गाठीतून रक्त नेणारी शीर बंद करतो. मग गाठीला न चिमटता आजूबाजूने सोडवतो, आतच पिशवीत घालतो, पिशवीची नाडी ओढतो आणि ती छेदातून बाहेर काढतो; कातडी तेवढी ताणते."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर आणखी छेद देऊ," आबा म्हणाले. "त्यात कसली लाज? आपल्याला आई हवी आहे, विक्रम नको."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बगळोबाला दारातच गाठलं. "लिंबू पिळायचं नाही हं!"

"नाही पिळणार," तो म्हणाला. आणि त्याने नाहीच पिळलं.

आता मी वाकड्या तारा आणि पिशवी घेऊन रोज सराव करते. तीन लिंबं आख्खी निघालीत, बगळोबासुद्धा बघत राहिला!

काल, शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी आईला दोरीवर चढायची परवानगी दिली. तिने नेहमीसारखा दोरीला नमस्कार केला आणि हात माझ्यापुढे धरला. मी नाडी मोजली. बहात्तर.

"चढ, आई!"