थांबवा गं, येते मी

या पेजवर रोज कोणी ना कोणी विचारतं, "ऐकायला काहीतरी थरारक सुचवा." आज मीही तेच विचारणार आहे. पण का हवंय ते आधी सांगते.

खोटं वाटलं तर खुशाल पुढे जा. पटवत बसायचं त्राण माझ्यात नाही. घडलंय ते भर दुपारी, दिवे चालू असताना, चारचौघींच्या देखत.

मी एका मोठ्या लॉन्ड्रीत काम करते. हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री होऊन आमच्या खोलीत येतात आणि आम्ही घड्या घालतो. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. समोर कोणीतरी लागतं. माझ्यासमोर माझी नणंद असायची.

मी तिला मुद्दाम 'वन्सं' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. ती चिडायची. "वहिनी, मी काय म्हातारी आहे का?" वयाने माझ्याहून लहान, पण खोलीवर राज्य तिचं. फळीवरच्या स्पीकरवर काय वाजणार ते तीच ठरवायची. खुनाच्या गोष्टी, चेटकिणींची राज्यं, सिनेमांवरच्या गप्पा… सगळं चालायचं. फक्त रडकं नको.

"घरी कमी रडतो का आपण?" असं म्हणायची.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नाद तिनेच लावला.

नियम एकच. कोणी उठलं की पॉडकास्ट थांबवायचा. ते माणूस परत येऊन टेबलावर टिचकी मारेल, तेव्हाच पुढे लावायचा. कोणाचं काही ऐकायचं राहू नये, म्हणून तिनेच केलेला.

त्या दुपारी खोलीत जीव उकडत होता. खुनी कोण ते कळायची वेळ आली होती. आणि नेमकी ही उठली.

"थांबवा गं, येते मी. तोंडावर पाणी मारून येते."

बाहेर पॅसेजमध्ये बेसिन आहे. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही थांबलो. नळ चालूच.

मी वैतागून ओरडले, "वन्सं, विहिरीवर गेलात की काय?"

सगळ्या हसल्या… नळ चालूच.

जाऊन पाहिलं तर ती बेसिनखाली पडली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, पडली तेव्हाच संपलं होतं. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी फोनवर काय सांगितलं ते मला आठवतही नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस स्पीकर बंद होता. नुसती मशीनची घरघर. मग एका दुपारी शेजारच्या टेबलावरची काकू म्हणाली, "लाव बाई तेच. तिला अर्धवट सोडलेलं आवडायचं नाही."

मी लावलं. थोडं वाजलं… आणि थांबलं.

कोणीही हात लावला नव्हता. मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर होता.

बाहेर नळ सुरू झाला…

आम्ही सगळ्या तर आतच होतो. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

नळ बंद झाला. मग ओल्या चपलांचा आवाज… दारापर्यंत… आत… माझ्यासमोरच्या रिकाम्या जागेपर्यंत.

टेबलावर टिचकी वाजली.

आणि स्पीकर सुरू झाला.

काकूच्या हातातली चादर गळून पडली. मी मात्र… खरं सांगू? घाबरले, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

बॉयलरवाल्या मिस्त्रींनी स्पीकर बदलून दिला, स्वतःचा मोबाइल जोडून पाहिला. तरी तेच. पुढे ती मालिका संपली. वाटलं, आता ही जाणार. म्हणून घाईघाईने दुसरी लावली, तुमच्यातल्याच कोणीतरी सुचवलेली, जंगलातल्या राजवाड्याची. तीही मध्येच थांबली. एकदा काकूने मुद्दाम काहीतरी रडकं लावलं, तर ते शेवटपर्यंत सलग वाजलं. मेल्यावरही वन्संची आवड बदलली नव्हती. त्या दिवशी आम्ही हसलोसुद्धा.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली.

तिला परत यायला दर वेळी जास्त वेळ लागतोय.

आधी एका चादरीची घडी होईपर्यंत यायची. मग अख्खा गठ्ठा होईपर्यंत वेळ लागायला लागला. मग आमचा चहा पिऊन व्हायचा, तरी नळ चालूच. पावलंही आता सरळ येत नाहीत. मध्येच थांबतात… कुठे जायचं ते विसरल्यासारखी. परवा ती दारापर्यंत येऊन मागे फिरली. मी म्हणाले, "वन्सं, इकडे." तेव्हा कुठे टिचकी वाजली, आणि तीही टेबलाच्या भलत्याच टोकाला.

बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत काम मागून घेतलं. काकू जाताना म्हणाली, "अगं, आता जाऊ दे तिला." नवरा म्हणतो, सुट्टी घे, डोकं थकलंय तुझं. थकलंय खरंच. अंग ठणकतंय, धड झोप नाही. पण मी उठले तर टिचकी ऐकायला राहणार कोण?

आज दुपारी त्यातल्या त्यात बरा म्हणून एक पॉडकास्ट लावला. तो थांबला…

अजून थांबलेलाच आहे.

काम सुटलं, सगळ्या घरी गेल्या. खिडकीबाहेर ऊन उतरलंय. मी चादरीचं एक टोक धरून बसलेय, दुसरं टोक टेबलावर तसंच आहे.

म्हणून विचारते. खुनाचं असो, चेटकिणीचं असो, छोटं असो की लांबलचक. असं काहीतरी सुचवा, जे अर्धवट टाकून कोणाला जाववणार नाही. फक्त रडकं नको.

बाहेर नळ वाहतोय. रखवालदार मघाशी बंद करायला निघाला होता. मी त्याला अडवलं.

अजून तिचं झालं नसेल.