डावीकडची घुंडी

बसा. त्या खुर्चीत बसा, समोरच्या स्टुलावर नको. तुमच्या कॅमेऱ्याला वेळ लागेल, तोवर एक गोष्ट सांगतो.

गोष्ट कसली, खरं घडलंय. ह्याच टेबलावर, माझ्या ह्या दोन हातांत. खोटं वाटलं तर सरळ उठून जा, कॅमेरा उद्या न्या.

भुताचं म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. हे भर दुपारचं आहे. बाहेर हॉर्न वाजत होते. शेजारचा गॅरेजवाला पत्रा ठोकत होता.

दादा, माझा थोरला भाऊ, जाऊन महिना झाला होता. झोपला तो उठलाच नाही.

मी रडलो नाही.

दुकान उघडायचो. कॅमेरे खोलायचो, जोडायचो. घरी गेलो की बायकोला विचारायचो, "मी जेवलो का गं?"

दादाला फोटोचं वेड. पण हात असा की विचारू नका! त्याच्या फोटोत कुणाला डोकंच नसायचं. कपाळापासून वरचं साफ. माझ्या लग्नाच्या फोटोत आम्ही नवराबायको दोघंही बिनडोक. वर म्हणायचा, "जसे आहात तसेच आलात की." रोज दुपारी इथं यायचा आणि त्या स्टुलावर बसून माझी खेचायचा.

तर त्या दुपारी वहिनी आली. दादाचा कॅमेरा टेबलावर ठेवला.

"भाऊजी, आत रीळ आहे. आठ-दहाच फोटो झालेत. शेवटच्या रविवारी ह्यांनी लिव्हर ओढला आणि मी हातातून कॅमेरा हिसकावून घेतला. ह्यांचा एक फोटो काढला. जन्मात पहिल्यांदाच. तेवढा मला द्या."

घरात दादाचा धड एक फोटो नव्हता. सगळ्यांचे त्यानंच काढलेले ना.

मी कॅमेरा उचलला. आकड्याचा काटा पार शेवटाला टेकलेला.

"वहिनी, हा तर रीळ संपलं म्हणतोय. कुणी लिव्हर ओढत बसलं होतं का?"

वहिनी दाराकडं वळली. "संध्याकाळी येते," म्हणाली आणि गेली.

आता एवढं समजून घ्या. फिल्मची जीभ, म्हणजे तिचं मोकळं टोक, डबीतून बाहेर असते. ती उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत अडकवायची. मग लिव्हर ओढला की फिल्म पुढं सरकते, आणि डावीकडची घुंडी आपोआप फिरते. घुंडी फिरली म्हणजे आत फिल्म ओढली जातेय. नाही फिरली, तर तुम्ही काढताय ते फोटो हवेत.

मी लिव्हर ओढला. मऊ, बिनवजनाचा.

घुंडी हलली नाही.

पुन्हा ओढला. नाही.

जीभ सुटली होती. दादानं नीट अडकवलीच नव्हती, घाईत असणार. म्हणजे एकही फोटो नाही. वहिनीनं काढलेला तोही नाही.

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. तिला सांगायचं कसं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

तरी खात्री केलेली बरी म्हणून काळी पिशवी काढली. ही बघा. दोन बाह्या, मनगटाशी रबर. आत उजेडाचा थेंब जात नाही. कॅमेरा आत ठेवायचा, चेन लावायची, हात घालायचे आणि बोटांनी बघायचं.

कॅमेऱ्याची पाठ उघडली. जीभ मोकळीच. फिल्म सगळी डबीत.

मी जीभ चिमटीत धरली...

ती पुढं सरकली.

मी ओढली नव्हती. माझ्या चिमटीतून कुणीतरी हळूच ओढून घेतली. सुईतून दोरा जातो तशी.

शेजारचा पत्रा ठोकायचा थांबला होता. हॉर्नही नाहीत.

मग माझ्या बोटांना बोटं लागली.

थंड नव्हती. गरम नव्हती. नुसती बोटं. खाच चाचपत होती. एकदा चुकली. दुसऱ्यांदा जीभ बसली. पाठ बंद झाली, आणि तिच्यावर नखानं दोनदा... टक टक.

दादाची सवय होती ती. रीळ भरलं की दोन टिचक्या मारायचा.

मी ओरडलो नाही. हात बाहेर काढले नाहीत. हात माझे आहेत हेच कळत नव्हतं. समोरच्या भिंतीकडं बघत बसलो.

लिव्हर ओढल्याचा आवाज आला. तळहाताखाली घुंडी फिरली.

आणि खटका.

मग पत्रा ठोकणं सुरू झालं, मधे काही झालंच नाही असं.

मागच्या खोलीत जाऊन मी ते रीळ धुतलं. जिभेपाशी काळाठिक्कर, पुढं सगळं कोरं. मधे एकच फोटो. तो कागदावर उतरवला.

फोटोत मी होतो.

ह्याच टेबलाशी, दोन्ही हात काळ्या पिशवीत, नजर भिंतीकडं. स्टुलावर बसलेल्या माणसाला दिसेन तसा.

कपाळापासून वरचं साफ.

सांजेला वहिनी आली. मी फोटो पुढं केला. तिनं तो उजेडात धरून पाहिला.

"भाऊजी, तुमचं डोकं कापलंय."

"हो."

"आणि ह्यांचा?"

"नाही आला, वहिनी. रीळ अडकलंच नव्हतं."

तिनं मान हलवली. "फोटो काढणारा कुठं फोटोत येतो." ती रडली नाही. मीही नाही. तिनं माझा फोटो पदराला पुसला आणि आपल्या पिशवीत ठेवला. कॅमेऱ्याला हात लावला नाही.

"हा इथंच राहू दे. घरी रोज दुपारी ह्याचा आवाज यायचा."

"लिव्हरचा?"

"मला कुठं ओढता येतो तो! मला फक्त खटका दाबता येतो." एवढं बोलून ती गेली.

तोच कॅमेरा, तुमच्या मागच्या फळीवर आहे. वळू नका. त्यात रीळ नाही. मी घातलं नाही आणि त्यानंतर पाठही उघडली नाही. रिकाम्या कॅमेऱ्याची घुंडी फिरत नसते. ओढायला आत काही लागतं ना.

पण दुपारी ती फिरते.

आधी तो तिकडं, खिडकीत ठेवला होता. तेव्हा त्याचं तोंड ह्या टेबलाकडं होतं. आता गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडं आहे. मी हलवला नाही.

किती वाजले? असू दे, घड्याळ नका बघू.

एक करा माझ्यासाठी. मागं आवाज झाला तर दचकू नका, तसेच बसून राहा.

आणि डोकं जरा खाली घ्या.