आत उघडणारं दार

विशाखाच्या लग्नासाठी दिवसभर मंगल कार्यालयं बघून मंडळी पुंडलिकनगरात परतली, तेव्हा लाईट गेलेली होती. जेवणं उरकून भावंडं मामाबरोबर गच्चीवर येऊन बसली.

"मामा, तुम्ही ना ताटं बघितली, ना स्टेज," विशाखा म्हणाली. "जिथं गेलो तिथं आधी मागचं दार ढकलून बघायचं. लोकांना वाटलं असंल, नवरीचा मामा पळायची वाट शोधतोय."

"आहेर चुकवायचा असंल, दुसरं काय," प्रणय म्हणाला.

कडुबामामा हसले नाहीत. पाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला सरकवला.

"काकासाहेब आठवतो ना? चितेगावच्या पुढं ज्याचं कार्यालय होतं. देवगाव रंगारीला आम्ही एका बाकावर शिकलो. त्याच्यासंगं घडलेलं सांगतो. तुमची मामी त्याच्याच कार्यालयातल्या आगीत गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. दाराचं कुणी सांगितलं नसंल."

दोघंही सरसावून बसली.

"स्वयंपाकघराच्या मागं एक लोखंडी दार होतं. तपासणी झाली तेव्हा ते बाहेर उघडायचं. नियमच तसा. माणसं घाबरून धावली तर नुसत्या धक्क्यानं उघडलं पाहिजे. तपासणी आटोपली, अन् एका वास्तूवाल्यानं काकासाहेबाच्या डोक्यात भरवलं, की दार बाहेर उघडतं म्हणजे आलेल्या लक्ष्मीला तू बाहेर ढकलतोस. यानं वेल्डर बोलावून दार फिरवलं. आत उघडणारं केलं. चौकटीला बाहेरच्या अंगानं जाड पट्टी मारली. दार तिच्यावर टेकायचं. बाहेर जायची सोयच नाय.

"आगीच्या दिवशी पुऱ्या लाटणाऱ्या बाया त्या दारापर्यंत पोचल्या होत्या. सगळ्या. पण पुढचीला दार आत ओढायचं होतं, अन् मागच्या तिला दारावर दाबत होत्या... नंतर कार्यालय रंगवून घेतलं. दार तेच राहिलं.

"तर गेल्या वर्षीची होळीची रात्र. आदल्या दिवशी तिथं एक लग्न झालेलं. वरपक्षाचा खंडोबाचा टाक कोठीत विसरला. सकाळी जोडी जेजुरीला निघणार, देवाशिवाय कशी जाणार? नवऱ्याच्या बापाचा फोन आला, म्हणून काकासाहेब एकटाच निघाला. राखणदार सणाला गावी, पुढच्या शटरची किल्ली त्याच्याजवळ. मग हा मागच्या दारानं आत गेला. दार भिंतीला टेकवून उघडं ठेवलं. मोबाईलच्या उजेडात कोठी गाठली. तांदळाच्या पोत्यांमागं कोनाड्यात टाक होता, हळदीच्या फडक्यात बांधलेला. कपाळाला लावून मुठीत धरला. धुराचा वास येत होता. गावात होळ्या पेटल्यात, तोच वास, असं त्याला वाटलं.

"परत आला, तर दार लागलेलं."

"वाऱ्यानं," प्रणय म्हणाला.

"त्यालाबी तसंच वाटलं. कडी धरून ओढलं. दार वीतभर आत आलं. फटीतून चांदणं दिसलं... अन् दार परत दाबलं गेलं. बाहेरून नाय. आतून. त्याच्याच अंगानं. मागून कुणीतरी त्याला दारावर रेटत होतं."

विशाखानं ओढणी अंगाभोवती घट्ट घेतली.

"वळता येईना. पाठीला कुणाची तरी छाती. तिच्या मागं आणखी एक. तिच्या मागं आणखी. मोबाईल पडला. अंधार. गाल लोखंडाला चिकटलेला. ओढावं, तर कोपर मागं न्यायला जागा नाय. श्वास घ्यावा, तर छाती फुगायला जागा नाय. धूर.

"मग कानाशी एका बाईचा आवाज. न ओरडता. 'मागं सरा गं... जरा मागं सरा... दार आत उघडतंय...'"

खालून एक रिक्षा गेली. तिचा आवाज विरल्यावर मामांनी पुढं सांगितलं.

"कुणी सरत नव्हतं. कुणालाच सरता येत नव्हतं. तो ओरडला, 'मी फिरवलं दार! मी!' ... सगळं थांबलं. रेटा तसाच. श्वास तेवढे... मानेवर.

"मग तोच आवाज. अगदी जवळ. 'भाऊजी... कडी सोडा.'

"त्यानं सोडली..."

"अन्?"

"बाहेर मातीत पडला होता."

मग विशाखानं हळूच विचारलं, "मामा, त्यांना भाऊजी कोण म्हणायचं?"

"बाकीच्या बाया मालक म्हणायच्या," मामा म्हणाले. "भाऊजी म्हणणारी एकच होती."

त्यांनी तांब्या उचलला. पाणी न पिताच खाली ठेवला.

"उजाडायच्या आत तो माझ्या दारात आला. मुठीत टाक तसाच. हे सगळं सांगितलं अन् माझ्या पायाशी बसला. मी त्याला ऊठ म्हणालो नाय. बसही म्हणालो नाय. उजाडल्यावर दोघं मिळून गेलो.

"दार बाहेर उघडलेलं होतं. सताड. बाहेरची पट्टी जागच्या जागी, कुठं वाकलेली नाय. बिजागऱ्यांवरचा रंगसुद्धा उडालेला नाय. चितेगावातून वेल्डर आणला. त्यानं दार लावायला ढकललं, ते पट्टीला अडलं. पुन्हा ढकललं, पुन्हा अडलं. म्हणाला, 'साहेब, पट्टी कापल्याशिवाय हे आत जायचं नाय. मग बाहेर आलं कसं?'"

"कापली का पट्टी?" प्रणयनं विचारलं.

"काकासाहेबानं हात लावू दिला नाय. कार्यालय बंद केलं. दार अजून तसंच आहे. पाऊस झाला, वादळ झालं..."

मामांनी जिन्याकडं बघितलं.

"मिटत नाय."